मास्टरजी वर आहेत

आई पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली तेव्हा मला वाटलं, हिला उंचीवरची हवा लागली.

सकाळीच आमचा तो गोम्पा, म्हणजे डोंगरातला बौद्ध मठ, बघून झाला होता. सहलीतली मंडळी अंगणात उन्हाला बसून चहा पीत होती. तेवढ्यात खालच्या दुसऱ्या गाडीतली माणसं धापा टाकत वर आली आणि त्यांना सगळं दाखवायला तोच तरुण लामा, नवांग, परत बाहेर आला. आईनं कप तसाच पायरीवर ठेवला, पदर सावरला आणि त्या अनोळखी माणसांच्या मागं जाऊन उभी राहिली.

"आई, काय करून राहिली तू? पाहिलं ना आपण हे."

"तू बस," ती मागं न बघता म्हणाली. "मी येते."

मी तेव्हा नागपूरला एका शाळेत भूगोल शिकवायचे. आई पवनीला एकटी राहायची. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून निवृत्त झालेली, गुडघे गेलेले, स्वतःहून कुठं जायचं म्हणून कधी नाव न काढणारी बाई. त्या हिवाळ्यात मात्र तिनं मला फोन करून सांगितलं, की तिकडचा बर्फ वितळल्यावर स्पितीला जायचं. पवनीत बसून स्पितीचं नाव हिच्या तोंडी कुठून आलं ते मला कळेना. मी म्हटलं, बोधगयेला जाऊ, सारनाथला जाऊ. ती म्हणाली, ते पाहिलं. आणि नुसतं स्पिती नको, जी सहल थांगमोचा गोम्पा दाखवते तीच पाहिजे. थांगमो हे नाव तिनं अगदी नीट, तोडून उच्चारलं. का म्हणून विचारलं तर, "पाहायचा हाये," एवढंच.

खालून बघितलं तर तो गोम्पा डोंगराच्या कडेला चिकटवलेल्या मातीच्या डब्यांसारखा दिसायचा, एकावर एक. प्रत्येक खोलीचं छप्पर म्हणजे वरच्या खोलीचं अंगण. पांढऱ्या भिंती, वरून लाल पट्टा, काळ्या चौकटीच्या बारक्या खिडक्या. गाडी जिथं थांबते तिथून चढायला पायवाट होती आणि ती आई कुठंही न बसता चढली होती. मी दोनदा बसले.

तिच्याजवळ जाऊन उभी राहण्याशिवाय इलाज नव्हता. नवांग हिंदीत सांगत होता. तिशीचा असेल, खालच्याच गावातला, गोल चेहऱ्याचा, नम्र. बोलताना मात्र त्याच्यात एखादा हजरजबाबी माणूस शिरायचा.

"दरवाजा कितना नीचा है, देखिए," तो म्हणाला. "मेरे जैसे ठिंगू को भी झुकना पडता है." मग त्यानं एक बोट वर केलं आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. "काहून?"

सकाळी हा शब्द ऐकून मी मोठ्यानं हसले होते. काहून म्हणजे का. आमच्या भंडारा-नागपूरकडे पोट्टे दिवसभर हेच विचारत फिरतात. तिकडचा माणूस पुण्यामुंबईत तो शब्द बोलला तरी लोक वळून बघतात, आणि इथं बर्फातल्या मठात एक लामा तो शब्द मंत्रासारखा उच्चारत होता. मी त्याला विचारलं होतं, हे कुठून शिकलात? तो गंभीरपणे म्हणाला होता, "ही शुद्ध हिंदी आहे. 'क्यों' म्हणजे साधं विचारणं. 'काहून' म्हणजे ज्याचं उत्तर सांगणाऱ्याला येतं, पण समोरच्याला आधी डोकं खाजवू द्यायचं." मला वाटलं, नागपूरच्या कुणा पर्यटकानं याची गंमत केली. तेव्हा आईकडे माझं लक्ष नव्हतं. आता होतं. नवांगनं "काहून" म्हटलं आणि आईचे ओठ त्याच्याबरोबर हलले.

"वाऱ्यासाठी?" दुसऱ्या गाडीतल्या कुणीतरी विचारलं.

"वारा आहेच," नवांग म्हणाला. तो हिंदीतच बोलत होता, मी आपल्या भाषेत सांगते. "पण आमचे म्हातारे सांगतात, कधी कधी मेलेला माणूस उठून चालायला लागतो. त्याचं अंग ताठलेलं असतं, त्याला वाकता येत नाही. म्हणून दार बुटकं. आत आला तो जिवंत."

लोक हसले आणि वाकून आत गेले. आई उंबऱ्यापाशी थांबली. तिनं दाराच्या वरच्या लाकडावर हात ठेवला, मग गुडघ्यावर दुसरा हात दाबून वाकली.

आत मोठी सभा भरायची खोली होती. लाल खांब, भिंतींवर धुरानं काळवंडलेली चित्रं, मधोमध छप्पर उंच उचलून ठेवलेली खिडकी आणि तिथून खाली पडणारा एकच उजेड. नवांगनं सगळ्यांना एका खांबापाशी नेलं. खांबाचं वरचं टोक जळून काळं पडलेलं होतं.

"पहिला गोम्पा खाली नदीकाठी होता. नदीनं नेला. दुसरा या डोंगराच्या पोटाशी बांधला. तो लुटारूंनी जाळला. हा तिसरा. लाकूड इथं उगवत नाही, म्हणून जळक्या गोम्पाचे वाचलेले खांब वर आणले. खांबांची बुडं जळली होती. मग बांधणाऱ्यानं काय केलं? खांब उलटे लावले. काहून?"

लोक वर बघत राहिले.

"कारण डोक्यावर जळलेलं चालतं," नवांग म्हणाला. "पाय पक्के पाहिजेत."

आईनं डोळे मिटून घेतले होते. देवाचा, चित्रांचा तिला काही नाद नव्हता. सकाळी रक्षक देवतांच्या खोलीतले ते दात विचकणारे मुखवटे बघून ती माझ्या कानाशी पुटपुटली होती, "आपल्या धम्मात हे कुठून घुसलं?" पण आता ती डोळे मिटून गाणं ऐकावं तशी ऐकत होती. मला भीती वाटू लागली.

मग ते मागच्या लहान खोलीत गेले. तिथलं छप्पर नवं होतं, लाकडं अजून पिवळी. नवांग सांगू लागला, की बर्फाच्या भारानं हे छप्पर बसलं होतं, मठातल्या मास्टरजींनी गावातून माणसं गोळा केली, आडवी लाकडं चढवली, वर काटक्या, वर झाडाची साल, वर माती.

"भंतेजी," आई एकदम म्हणाली. सगळे वळले. तिची हिंदी मोडकी होती. "ये मास्टरजी, इन्होंने ही आप को ये सब बोलना सिखाया?"

"जी. एकेक वाक्य. मी आधी लोकांसमोर तोंड उघडत नव्हतो."

"कहाँ हैं वो?"

नवांगनं हात जोडले आणि बोट वर केलं. "मास्टरजी ऊपर हैं."

आई खाली बसली. तिथंच, जमिनीवर. मी धावले. लोकांनी पाण्याची बाटली पुढं केली. मला काहीच समजत नव्हतं. कोण मास्टरजी, मेला तर मेला बिचारा, आईला काय त्याचं? तरी रीत म्हणून मी नवांगला हळूच विचारलं, "कब हुआ?"

"क्या?"

"मास्टरजी... ऊपर गए."

"दो साल पहले."

"बीमार थे?"

"नहीं तो." नवांग माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला आणि तो घाईनं दोन्ही हात हलवू लागला. "नहीं, नहीं! ऊपर, डोंगर में! गुफा में बैठे हैं. ध्यान में."

गोम्पाच्या वर, कड्यातच, ध्यानाला बसायच्या खोल्या होत्या. माणूस आत बसला की दार दगडांनी चिणतात, जेवणापुरती फट ठेवतात. तो कुणाला भेटत नाही, कुणाशी बोलत नाही. मास्टरजींची मुदत भरत आली होती. पौर्णिमेला ते बाहेर येणार होते.

"पौर्णिमा म्हणजे परवा," आई म्हणाली. तिला ते कसं माहीत होतं ते मी विचारलंसुद्धा नाही. माझा हात धरून ती उठली. "उज्ज्वला, सहलवाल्याले सांग, आपण इथं थांबतो."

ते सहलवाल्याला सांगताना मी काय कारण दिलं ते आता आठवत नाही. त्यानं बरीच समजूत घातली. गाडी गेली. आम्हाला पाहुण्यांसाठी ठेवलेली एक खोली मिळाली, आणि मग गोम्पाच्या काळ्याकुट्ट स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून आईनं मला सांगितलं.

आमच्या शेजारचे गोंडाणे गुरुजी आदल्या वर्षी याच सहलीला आले होते. परत गेल्यावर त्यांनी आईला गंमत म्हणून सांगितलं, की तिकडं एक लामा आहे, तो आपल्यासारखा काहून म्हणतो, बोट वर करून. कोण्या मास्टरनं शिकवलं म्हणे त्याले.

"बोट वर करून," आई म्हणाली. "आठवते?"

आठवत होतं. माझा मोठा भाऊ सुमेध बोट वर करूनच काहून म्हणायचा. जेवताना, शिकवताना, मला चिडवताना. काहीही सांगायचं असलं की आधी बोट, मग काहून, मग तो थांबायचा.

सुमेधनं बांधकामाची पदविका केली होती आणि तो एका ठेकेदाराकडे साइटवर असायचा. एका गावात शाळेच्या व्हरांड्याचा स्लॅब खालचे टेकू काढताना खाली आला. एका मजुराचा पाय गेला. ठेकेदारानं बोट सुमेधकडे दाखवलं. चौकशी सुरू झाली. बाबा त्याला काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच त्याला जास्त लागलं असावं. नागपूरला जातो म्हणून तो एका सकाळी निघाला. नंतर चौकशीत सिमेंटच खराब निघालं आणि त्याचं नाव सुटलं, पण ते सांगायला तो सापडायला पाहिजे होता. बाबा त्याची वाट बघत वारले. मी किती पोलीस ठाणी फिरले, किती दवाखाने. शेवटी मी मनातून त्याला पोचवून टाकलं होतं. आईनं काय केलं होतं ते मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी त्याच्यावर बोलत नव्हतो.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"खोटं निघालं असतं तं तुले पुन्हा रडायले लागलं असतं," ती म्हणाली. "माझं मी पाहून घेतलं असतं."

नवांग चहा करायला आत आला. त्यानं आमचं बोलणं बाहेरून ऐकलं होतं आणि तो फार गोंधळलेला दिसत होता.

"तुम्ही पण काहून म्हणता?"

"आमच्याकडे सगळेच म्हणतात," मी म्हटलं.

त्याला ते पचायला वेळ लागला. तो चुलीशी बसला आणि आई त्याला विचारू लागली. मास्टरजींचं नाव काय? मास्टरजीच. दीक्षेनंतरचं नाव वेगळं, पण हाक तीच. कुठून आले? खालून, फार खालून. कधी? ज्या वर्षी छप्पर बसलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. घराबद्दल काही बोलतात? कधीच नाही.

"दिसतात कसे?"

"उंच आहेत."

सुमेध उंच नव्हता. मी आईकडे बघितलं.

"या लोकांत उंचच दिसंल," ती मला मराठीत म्हणाली.

"मांस खात नाहीत," नवांग म्हणाला. "इथं हिवाळ्यात आम्ही सगळे खातो. ते नाही."

सुमेध रविवारी मटण नसलं तर ताटावरून उठायचा.

"सोडलं असंल," आई म्हणाली.

"आणि छप्पर त्यांनीच बांधलं ना? पूरा?" तिनं नवांगला विचारलं.

"त्यांच्याशिवाय झालंच नसतं."

आईनं माझ्याकडे असं बघितलं, की आता काय राहिलं? माझ्या डोक्यात मात्र काही धड बसत नव्हतं. तो असावा असं वाटत होतं आणि तो नसावा असंही वाटत होतं. असला तर इतकी वर्षं जिवंत असून आईला एक शब्द न पाठवणाऱ्या माणसाशी मी काय बोलणार होते? मी त्याच्यासाठी रडून झाले होते. ते रडणं आता कुणाला परत मागायचं?

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या, आणि आई प्रत्येक गाडीबरोबर आत गेली. बुटकं दार, उलटे खांब, उंच खिडकी, नवं छप्पर. नवांग आता तिच्याकडे बघून बोलायचा, कुठं चुकला तर थांबून तिच्या तोंडाकडे बघायचा. दुपारी तो वर जेवण पोचवायला निघाला तेव्हा आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी येते."

"बोलायचं नाही," तो म्हणाला. "तुम्ही कोण ते त्यांना कळता कामा नये. एवढ्या जवळ येऊन त्यांचं मोडेल."

"नाही बोलत."

वाट वाईट होती. सैल दगड, एका बाजूला कडा. आईला मागून धरत, पुढून ओढत आम्ही नेलं. वर कड्याच्या खाचेत मातीची लहानशी खोली होती. दाराच्या जागी दगड रचलेले, आणि कमरेएवढ्या उंचीवर लाकडी फळीची एक झडप. नवांगनं दगडानं झडपेवर टकटक केलं आणि भांडं आईच्या हातात दिलं.

झडप आतून उघडली. एक हात बाहेर आला. काळा पडलेला, भेगा पडलेला, नखं वाढलेली. आईनं भांडं पुढं केलं. हातानं ते धरलं, पण आईकडून ते सुटलं नाही. क्षणभर दोघांचे हात त्या भांड्यावर होते. आतला माणूस ओढत नव्हता, थांबला होता. मग आईनं बोटं सैल केली. भांडं आत गेलं, झडप लागली.

मग आम्ही उतरायला लागलो. वळणावर आई बसली.

"त्याचाच ना?" तिनं मला विचारलं.

ती मला विचारत होती. मी सुमेधचे हात आठवून बघितले. इस्त्रीचा शर्ट आठवला, सायकलची घंटी आठवली, पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचा ते आठवलं. हात काही केल्या आठवेनात.

"आई, मले नाही सांगता येत."

"मलेही," ती म्हणाली. "जन्मापासून धुतले मी ते हात. पण नाही सांगता येत."

त्या रात्री ती शांत झोपली. मी जागी होते.

पौर्णिमेच्या सकाळी गावातले लोक वर आले. लांब शिंग फुंकलं गेलं, धूप पेटवला. म्हाताऱ्या लामांनी काही म्हटलं आणि मग नवांगनं आणि गावकऱ्यांनी एकेक दगड काढायला सुरुवात केली. आई सगळ्यांच्या पुढं होती. कुणी तिला मागं हो म्हटलं नाही. नवांगनं काही सांगितलं असावं.

आतून एक माणूस वाकून बाहेर आला. केस खांद्याखाली, दाढी छातीपर्यंत, अंगावर विटका लाल कपडा. उजेडानं त्याचे डोळे गच्च मिटले होते. मी त्या दाढीतून शोधत होते. कपाळ सुमेधचं वाटलं. मग नाक वाटेना. मग तो जरा कलला आणि पुन्हा सुमेधच वाटला.

"सुमेध?" आई म्हणाली.

त्या माणसानं डोळ्यांवर हाताचा आडोसा केला, हळूहळू डोळे उघडले आणि आईला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिचं लुगडं, तिच्या पायातल्या कॅनव्हासच्या बुटांवरचे मोजे, तिचा चेहरा.

"माय," तो म्हणाला, अस्सल आमच्या बोलीत, "तू कोणाची वं? इथं कशी आली?"

तो आवाज सुमेधचा नव्हता. दुसऱ्याच कुणाचा होता, जाड, बरेच दिवस न वापरलेला. आणि तरी तो आमच्या घरातल्यासारखा बोलत होता. ते दोन्ही एकाच वेळी माझ्यापर्यंत पोचलं आणि मी नुसती उभी राहिले. आईसुद्धा. नवांग आमच्याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून आमच्याकडे बघत होता, आणि बिचारा हसत होता, कारण त्याला वाटत होतं, माणसं भेटली.

आईनं त्या माणसाचं मनगट धरलं. दवाखान्यात धरायची तसं, अंगठा बाजूला ठेवून.

"कोणत्या गावचा तू?"

"खैरी. लाखांदूरजवळची."

"नाव?"

"हिरामण. हिरामण लांजेवार." ते नाव उच्चारताना तो स्वतःच अडखळला. "शाळेत मास्तर होतो."

"घरी कोण हाये?"

"बायको बाळंतपणात गेली. मूलही. मग मन लागेना, निघालो." तो थांबला. "म्हातारी होती. माय. असंल."

"असंल म्हणजे?"

तो काढून ठेवलेल्या दगडांकडे बघू लागला.

"असंल म्हणजे काय?" आईचा आवाज इतका चढला, की शिंगवाल्यानं शिंग खाली घेतलं. "मास्तर ना तू? दुसऱ्याले शिकवते, दार बुटकं काहून, खांब उलटा काहून. आणि मायले एक चिठ्ठी नाही टाकता आली? ती कुठं कुठं गेली असंल माहीत हाये? कोणाकोणाची प्रेतं पाहिली असतील तिनं?"

प्रेतं मी पाहिली होती. आईनं नाही, असं मी तोवर समजत होते. दवाखान्यातली बाई. तिला कोणत्या शवागारात कोण विचारणार होतं, की सिस्टर, इकडे कशाला?

हिरामण रडत होता. उजेडानं की कशानं, सांगता येत नव्हतं. "काय तोंड दाखवू तिले?" तो म्हणाला. "काय सांगू?"

"तू नको सांगू," आई म्हणाली. "मी सांगते. तू फक्त ये."

तिनं मनगट सोडलं. मग त्याच्या खांद्यावरून घसरलेलं लाल वस्त्र नीट केलं आणि बाजूला झाली, म्हणजे गावातल्या लोकांना त्याच्या पाया पडता यावं.

नंतर चहा पिताना मी त्याला छपराबद्दल विचारलं. "मी कुठला बांधतो," तो म्हणाला. "मी टोपल्यानं माती वाहिली आणि माणसांचं मन वळवलं. लाकडाचं मले काही कळत नाही." सुमेध असं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. काहून म्हणताना बोट वर करायची सवय त्याच्या वडिलांची होती. वडीलही मास्तरच होते.

हिरामण त्याच हिवाळ्यात खैरीला आला, स्वतःच्या आईजवळ काही महिने राहिला आणि परत वर गेला. नंतर दरवर्षी येत राहिला. सुमेधचा आजपर्यंत पत्ता नाही. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण मला सांगायचं आहे ते आम्ही खैरीला गेलो त्या दिवसाचं.

नागपूरला उतरल्यावर ती घरी जायला तयार नव्हती. आहे त्या सामानासकट आम्ही लाखांदूरकडची एसटी धरली. भाताच्या रोवणीचे दिवस होते. गावात कुणीतरी सांगितलं, की हिरामणची माय रेवताबाई दुसऱ्याच्या वावरात रोवणीला गेली आहे. बांधावरून आम्ही तिथं पोचलो. चिखलात बायकांची ओळ वाकून भाताचे परे लावत होती. टोकाला एक वाळलेली म्हातारी.

"रेवताबाई!" आईनं हाक मारली.

म्हातारी सरळ झाली. दोन अनोळखी बायका, हातात पिशव्या, गावात तिला विचारत आलेल्या. तिचा चेहरा बघून मला कळलं, की ती काय समजली आहे. तिच्या हातातली जुडी चिखलात पडली.

"जिता हाये," आई बांधावरून ओरडली. "हिरामण जिता हाये! मी पाहून आली. नाडी पाहिली मी त्याची. चांगली हाये."

बायकांची सगळी ओळ थांबली होती. म्हातारी हलली नाही, रडली नाही. मग खाली वाकली, पडलेली जुडी उचलली आणि पुन्हा परे लावू लागली. लावलेलं रोप आडवं पडत होतं, आणि ती पुन्हा तेच लावत होती.

आईनं बूट काढले. लुगडं वर खोचलं आणि मी काही म्हणायच्या आत ती चिखलात उतरली. लग्नानंतर तिनं रोवणी केलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हातारीच्या हातातली अर्धी जुडी तिनं घेतली आणि तिच्या बाजूला वाकून लावू लागली. तो कुठं आहे, कसा आहे, काय खातो, थंडीत अंगावर काय घेतो, ती एकेक सांगत गेली. म्हातारी नुसती हूं म्हणत होती.

बरंच पुढं गेल्यावर म्हातारीनं वाकल्या वाकल्याच विचारलं, "तू तिथं कोणाले पाहायले गेली होती, बाई?"

आईनं हातातलं रोप चिखलात रोवलं. मग तिनं सुमेधचं नाव घेतलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागली. तो पोटात असताना तिला कोणत्या दवाखान्यात रात्रपाळी होती इथपासून. स्लॅब पडला त्या रात्री तो मागच्या अंगणात तिच्या मांडीवर डोकं ठेवून काय बोलला होता, ते. निघाला त्या सकाळी तिला वाटलं होतं थांबवावं आणि तिनं डबा भरून दिला, ते. मी बांधावर पिशव्या घेऊन बसले होते आणि त्यातलं बहुतेक सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते.

हातातले परे संपले. बाकीच्या बायका पुढच्या बांधीत निघून गेल्या. त्या दोघी तिथंच, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, समोरासमोर उभ्या होत्या. आई बोलत होती आणि म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होती.